मॉनिटर नावाचं जहाज

बाई वर्गाबाहेर गेल्या की खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहणारा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा प्राणी म्हणजे मॉनिटर. (त्याच्या खास दोस्तांनी कितीही गप्पा हाणल्या तरी त्यांची नावं फळ्यावर चढत नाहीत, हा सगळ्या मॉनिटरांचा अलिखित कायदा!) आता समजा, देशाच्या आरमारासाठी एक नवीकोरी युद्धनौका बांधून तयार आहे आणि तिचं बारसं करायचा मान तुम्हाला मिळालाय. काय नाव ठेवाल? विक्रांत? तलवार? अगदी काहीच नाही सुचलं तर वाघ? 'मॉनिटर' काही तुमच्या यादीत येणार नाही.

पण १८६२ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका माणसाने आरमाराच्या कचेरीला पत्र लिहून नेमकं हेच नाव सुचवलं. हेच का, तेही पत्रात नीट समजावून सांगितलं. ते जहाज जेमतेम अकरा महिने तरंगलं. नाव मात्र असं काही भटकलं, की मुंबई बंदरात आलं, आफ्रिकेतल्या नदीत शिरलं आणि एका फ्रिजच्या डोक्यावरही जाऊन बसलं.

त्या माणसाचं नाव जॉन एरिक्सन. जन्म स्वीडनमधला, १८०३ चा. आधी नशीब काढायला इंग्लंडला गेला, तिथून अमेरिकेला. जहाजाला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, ज्या मोजक्या लोकांनी पहिल्यांदा चालवून दाखवला त्यांतला हा एक. डोकं तल्लख, पण स्वभाव असा की कुणाशी पटेल तर शपथ! अमेरिकी आरमाराशी तर त्याचं पार फाटलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. १८४४ मध्ये 'प्रिन्स्टन' नावाच्या नव्या जहाजावर बड्या पाहुण्यांना बोलावून एक भलीमोठी तोफ उडवून दाखवत होते. जहाज एरिक्सनने आखलेलं, पण ती तोफ जहाजाच्या कप्तानाने बनवून घेतलेली. तोफ फुटली. देशाचे परराष्ट्रमंत्री आणि आरमारमंत्री असे दोघेही त्यात दगावले. ठपका मात्र एरिक्सनवर ढकलला गेला, आणि त्याचे कामाचे पैसेही बुडाले. त्या तोफेचं नाव काय होतं माहितेय? 'पीसमेकर'. शांतता घडवून आणणारी!

नाव ठेवणाऱ्याच्या मनात एक असतं आणि पुढे त्या नावाचं भलतंच होतं, ते हे असं. या गोष्टीत असे नमुने अजून येणार आहेत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेशी लढायला उभी राहिली. व्हर्जिनिया राज्यात नॉरफोकला आरमाराचा मोठा तळ होता. तो सोडून जाताना उत्तरेच्या लोकांनी मागे राहणारी जहाजं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पेटवून दिली. त्यांत 'मेरिमॅक' नावाचं एक मोठं वाफेचं जहाज होतं. मेरिमॅक हे उत्तरेतल्या एका नदीचं नाव. जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत जळलं आणि उरलेलं बुडालं. दक्षिणेवाल्यांनी ते वर काढलं आणि बघतात तो काय, खालचा सांगाडा धड! मग त्यांनी त्यावर जाड लाकडाचं उतरतं छप्पर चढवलं, त्यावर एकूण चार इंच जाडीचे लोखंडी पत्रे ठोकले, नाकाशी पाण्याखाली एक लोखंडी सुळका बसवला आणि नवं नाव दिलं, 'व्हर्जिनिया'. हे नाव लक्षात ठेवा. ठेवावंच लागेल, कारण बाकी कुणी ठेवलं नाही.

ही बातमी उत्तरेत पोचल्यावर तिथे धावपळ उडाली. आपल्यालाही चिलखती जहाज हवं आणि ताबडतोब हवं. एरिक्सनकडे नकाशे तयारच होते. त्याच्या जहाजाचा पुठ्ठ्याचा नमुना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी स्वतः पाहिला. आरमाराने नाक मुरडत का होईना, ऑक्टोबर १८६१ मध्ये करार केला. मुदत १०० दिवस! आणि जहाज कामाचं निघालं नाही तर पैसे परत करायचे, ही अट वर.

एरिक्सनने असं काय वेगळं आखलं होतं? तेव्हाच्या युद्धनौकांच्या दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असायच्या. डावीकडच्या तोफा डावीकडेच उडणार, उजवीकडच्या उजवीकडेच. शत्रू समोरून आला तर अख्खं जहाज आडवं वळवा, मग तोफ डागा. वारा पडलेला असेल तर बसा वाट बघत. एरिक्सन म्हणाला, जहाज कशाला वळवता, तोफाच वळवा की. त्याने जहाजाच्या मध्यावर लोखंडाचा एक गोल बुरूज बसवला. आतून २० फूट रुंद, ९ फूट उंच, आणि भिंत ८ इंच जाड. ती एका अखंड पत्र्याची नव्हती. एकेक इंचाचे आठ पत्रे एकावर एक जोडून केलेली होती, कारण एवढा जाड पत्रा घाईत बनवणं कारखान्यांना जमणारं नव्हतं. आत फक्त दोन तोफा. वाफेच्या छोट्या इंजिनाने हा शंभर टनांहून जड बुरूज गरागरा फिरायचा.

दुसरी युक्ती आणखी धाडसी होती. शत्रूला नेम धरायला काही दिसलंच नाही तर? म्हणून बुरूज आणि सुकाणूवाल्याची छोटी खोली सोडून बाकी सगळं जहाज जवळजवळ पाण्याखाली. डेक पाण्यापासून फक्त दीड फूट वर! माणसांच्या खोल्या, इंजिन, स्वयंपाकघर सगळं समुद्रसपाटीच्या खाली. संडाससुद्धा. तिथलं पाणी बाहेर ढकलायला पंप होता आणि झडपा ठरावीक क्रमाने उघडायच्या होत्या. जहाजावरच्या डॉक्टरांनी एकदा क्रम चुकवला आणि समुद्राच्या पाण्याचं कारंजं त्यांना खालून वर घेऊन आलं, अशी गोष्ट सांगतात. डॉक्टरांनी स्वतः ती फारशी कुणाला सांगितली नसावी.

असं ध्यान पाहून लोक हसणारच. कुणी त्याला तराफ्यावरचा चीजचा डबा म्हणालं, कुणी फळकुटावरचा पत्र्याचा डबा. कागदोपत्री त्याला धड नावही नव्हतं. 'एरिक्सनची बॅटरी' म्हणत. बॅटरी म्हणजे टॉर्चमधली नव्हे हं, तोफांचा ताफा.

मग २० जानेवारी १८६२ ला ते पत्र गेलं, आरमार खात्याचे सहायक मंत्री गुस्ताव्हस फॉक्स यांच्या नावे. त्यात एरिक्सनने लिहिलं होतं, की हे अभेद्य जहाज दक्षिणेच्या बंडखोर पुढाऱ्यांना खडसावेल: नद्यांच्या काठी तोफा मांडल्यात म्हणून आमचं आरमार अडणार नाही. एवढ्यावर थांबेल तो एरिक्सन कसला? पुढे तो म्हणतो, या जहाजाकडे लंडनच्या सरकारलाही दुर्लक्ष करून चालणार नाही. ब्रिटिश आरमाराचे अधिकारी तेव्हा चार महागडी चिलखती जहाजं बांधत होते. त्यांनाही हा इशाराच आहे, की बाबांनो, एवढे पैसे ओतताय खरे, पण पुन्हा एकदा विचार करा. म्हणून नाव 'मॉनिटर'. ताकीद देणारा!

लॅटिन भाषेत 'मोनेरे' म्हणजे बजावणं, सावध करणं. त्यावरून मॉनिटर. तुमच्या वर्गातल्या साहेबांचं नावही तिथूनच आलं, आणि ते जहाजापेक्षा बरंच जुनं आहे. त्यातला एक धागा तर आपल्या देशात सापडतो. १७८९ नंतर मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाचा एक गृहस्थ अनाथ मुलांची शाळा चालवत होता. शिक्षक पुरत नव्हते. त्याने एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. आणि शिक्षक नाहीत, तर मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. पुढे ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडच्या शाळांतही पसरली आणि असं काम करणारी मोठी मुलं मॉनिटर म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे एरिक्सनने हे नाव ठेवलं, त्या वेळी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छडी घेतलेला असा एखादा आगाऊ मुलगा आला असणार. मला वाटतं, एरिक्सनला ते पुरतं ठाऊक होतं. दक्षिणेचे सेनापती आणि लंडनचे बडे साहेब, सगळ्यांना त्याने एका फटक्यात बाकावर बसवलं!

फॉक्स यांनी नाव मान्य केलं. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, मॉनिटर पाण्यात उतरली. बुडेल म्हणून पैजा लागल्या होत्या. ती तरंगली.

आता चला ८ मार्च १८६२ कडे. जागा: हॅम्प्टन रोड्स. नावात रोड्स असलं तरी तिथे रस्ते नाहीत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर नद्या समुद्राला मिळतात तिथला हा खाडीचा रुंद पट्टा. त्या दिवशी दुपारी 'व्हर्जिनिया' बाहेर पडली. 'कंबरलँड' या लाकडी जहाजाला तिने सुळका मारून बुडवलं, 'काँग्रेस' पेटवून दिलं. उत्तरेची दोनशे चाळीसच्या आसपास माणसं गेली. 'मिनेसोटा' हे तिसरं जहाज गाळात रुतून बसलं होतं. त्याचा समाचार दुसऱ्या दिवशी घेऊ म्हणून व्हर्जिनिया परत फिरली. आणि त्याच रात्री, जळत्या 'काँग्रेस'च्या उजेडात, न्यूयॉर्कहून निघालेली मॉनिटर तिथे पोचली. समुद्राने तिला वाटेत इतकं झोडपलं होतं, की खलाशी आधीच अर्धमेले झाले होते.

सकाळी व्हर्जिनिया मिनेसोटाकडे निघाली, तर मध्ये हा डबा! मग चार तासांच्या आसपास दोघी एकमेकींना अगदी जवळून तोफा मारत राहिल्या. मॉनिटरच्या बुरुजात काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. आत अंधार, धूर, घाम. बुरूज फिरायला लागला की नेमका हवा तिथे थांबायचा नाही. तो फिरल्यावर आपलं तोंड जहाजाच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, हे आतल्यांना कळावं म्हणून खालच्या न फिरणाऱ्या डेकवर पांढऱ्या खुणा केल्या होत्या. धावपळीत पायांनी त्या पुसल्या गेल्या. झालं! आता डावं कुठलं आणि उजवं कुठलं? कप्तान जॉन वर्डन पुढच्या छोट्या खोलीत होते. तिथून बुरुजापर्यंत बोलायची एक नळी होती, तीही लवकरच तुटली. मग जहाजाचे खजिनदार आणि कारकून निरोप घेऊन इकडून तिकडे पळत सुटले. ते दोघे काही पक्के दर्यावर्दी नव्हते, त्यामुळे निरोपाचा वाटेत कधी कधी वेगळाच निरोप व्हायचा. एक अधिकारी बुरुजाच्या भिंतीला टेकला आणि नेमका तेव्हाच बाहेरून गोळा आदळला. पत्रा फुटला नाही, पण त्या हादऱ्याने साहेब उडून पडले आणि बराच वेळ बेशुद्ध होते.

वीसहून जास्त गोळे मॉनिटरवर बसले. पत्र्याला पोचे पडले, बस्स. व्हर्जिनियाचंही तेच. शेवटी एक गोळा वर्डन यांच्या खोलीच्या फटीवर फुटला आणि त्यांच्या डोळ्यांत बारूद आणि लोखंडाचा चुरा गेला. मॉनिटर थोडी मागे सरली, व्हर्जिनियाही परतली, आणि दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. खरं म्हणजे हरली ती लाकडी जहाजं. लोखंडी जहाजाशी लोखंडी जहाज लढण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता नावांकडे या. दक्षिणेच्या सरकारने रीतसर 'व्हर्जिनिया' असं नाव ठेवलं होतं. कागदावर तेच होतं. पण उत्तरेची वर्तमानपत्रं ते मानायला तयार नव्हती. आमच्याकडून ढापलेलं जहाज, त्याला आम्ही तुमचं नाव का द्यावं? ते मेरिमॅकच म्हणत राहिले. खुद्द दक्षिणेतल्या कितीतरी लोकांच्या तोंडी मेरिमॅकच बसलं. आणि 'मॉनिटर आणि मेरिमॅक' हे कानाला किती छान लागतं, म्हणून बघा! अनुप्रासापुढे सरकारचं काही चालत नाही. आज त्या खाडीखालून आणि खाडीवरून जाणारा एक पूल-बोगदा आहे, १९९२ साली सुरू झालेला. त्याचं नाव मॉनिटर-मेरिमॅक स्मारक पूल-बोगदा. हा बोगदा आहे कुठल्या राज्यात? व्हर्जिनियात! स्वतःच्या राज्यातसुद्धा त्या जहाजाला आपलं नाव मिळालं नाही.

मॉनिटरचं नशीब नेमकं उलटं. तिचं नाव इतकं चाललं, की ते एका जहाजाचं राहिलंच नाही. उत्तरेने लगोलग तशीच जहाजं बांधायला घेतली. बसकी, लोखंडी, फिरत्या बुरुजाची. प्रत्येकीला स्वतःचं नाव होतं: पसेइक, मोंटॉक, कॅट्सकिल. पण ही सगळी मिळून काय? तर 'मॉनिटर्स'. विशेषनामाचं सामान्यनाम झालं, असं व्याकरणाच्या तासाला बाई म्हणाल्या असत्या. ताकीद बिकीद सगळे विसरले. मॉनिटर म्हणजे बसकं तोफाळ जहाज, एवढाच अर्थ उरला.

यातल्या बऱ्याच जहाजांना मूळ अमेरिकी लोकांच्या भाषांतली आणि त्यांच्या सरदारांची नावं दिली होती. १८६९ मध्ये एका नव्या आरमारमंत्र्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने जूनमध्ये धडाधड ग्रीक पुराणातली नावं लावली. 'कॅनॉनिकस' झाली 'सिला'. सिला म्हणजे खलाशांना गिळणारी राक्षसीण! मंत्री लवकरच गेला आणि ऑगस्टमध्ये जुनी नावं परत आली. सिलाबाईंची कारकीर्द दोन महिन्यांची.

आणि लंडनच्या साहेबांचं काय? एरिक्सनची ताकीद त्यांच्यापर्यंत अगदी घरपोच गेली. १८६६ मध्ये 'मिआंटोनोमो' नावाची अमेरिकी मॉनिटर अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. एवढं बसकं जहाज महासागर ओलांडतं, हे पाहायला ब्रिटिश अधिकारी आले. आणि त्यावरून कोण आलं होतं? फॉक्स. ज्यांच्या टेबलावर ते पत्र पडलं होतं तेच.

ब्रिटिशांनी मग आपल्या पद्धतीने मॉनिटर बांधल्या. त्यांतल्या दोन होत्या मुंबईसाठी! 'अ‍ॅबिसिनिया' आणि 'मॅग्डाला'. दोन्ही १८७० मध्ये पाण्यात उतरल्या, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी इकडे आल्या आणि तीसेक वर्षं इथेच राहिल्या. पुढे एक, मागे एक असे दोन बुरूज, प्रत्येकात दोन तोफा, आणि शिडांना कायमची रजा. खोल समुद्रात जायचंच नव्हतं, बंदराच्या तोंडाशी पहारा द्यायचा होता. आता ही नावं कुठली? अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया, आणि मॅग्डाला तिथला डोंगरी किल्ला. १८६८ मध्ये ब्रिटिशांनी तो घेतला, आणि त्या मोहिमेची फौज मुंबईहून जहाजांत चढली होती. ज्या बंदरातून फौज गेली त्याच्या पहारेकऱ्यांना त्या विजयाची नावं मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही विकून टाकल्या. मॅग्डालाची जुळी बहीण 'सर्बेरस' मात्र ऑस्ट्रेलियाला गेली होती. १९२६ मध्ये लाटा अडवायला म्हणून ती मेलबर्नजवळ किनाऱ्यालगत बुडवली. तिचा गंजका बुरूज आजही पाण्यावर डोकं काढून आहे. मुंबईची मॉनिटर कशी दिसत असेल ते बघायचं, तर मेलबर्नला जावं लागतं!

पुढे या शब्दाने आणखी एक वळण घेतलं. पहिल्या महायुद्धापर्यंत मोठ्या युद्धनौका सगळ्याच फिरत्या बुरुजाच्या झाल्या होत्या, त्यामुळे 'बुरूजवाली ती मॉनिटर' असं म्हणायची सोय राहिली नाही. मग मॉनिटर म्हणजे उथळ पाण्यात शिरून किनाऱ्यावर मोठ्या तोफा डागणारं जहाज. ब्राझीलने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्यांसाठी अशा तीन मॉनिटर इंग्लंडमध्ये बांधायला टाकल्या होत्या. नावं ब्राझीलमधल्या नद्यांची: जावारी, सोलिमोएस, मदेइरा. पैसे वेळेवर फिटेनात, आणि १९१४ मध्ये युद्ध लागताच ब्रिटनने त्या स्वतःच घेऊन टाकल्या. नवी नावं दिली, सेव्हर्न, हंबर आणि मर्सी. तीही नद्यांचीच, फक्त इंग्लंडमधल्या. १९१५ मध्ये सेव्हर्न आणि मर्सी आजच्या टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखात शिरल्या आणि तिथे लपलेली 'क्योनिग्सबर्ग' ही जर्मन क्रूझर त्यांनी निकामी केली. ब्राझीलनेही हौस सोडली नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या देशात 'पार्नाइबा' नावाची मॉनिटर बांधली. १९३८ मध्ये सेवेत आलेली ही आजीबाई फार उशिरापर्यंत पॅराग्वे नदीत गस्त घालत राहिली. म्हातारपणी तिच्यावर हेलिकॉप्टर उतरायची जागासुद्धा केली.

फ्रिजचं राहिलंच की. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने एक फ्रिज काढला. त्याचं यंत्र आत लपवलेलं नव्हतं, कपाटाच्या माथ्यावर एका गोल डब्यात बसवलेलं होतं. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, अरे, हा तर मॉनिटरचा बुरूज! झालं, 'मॉनिटर टॉप' हेच नाव पडलं. ज्या बुरुजाला लोक चीजचा डबा म्हणून हसले होते, तोच आता चीज ठेवायच्या कपाटावर चढला!

घोरपडीला इंग्रजीत 'मॉनिटर लिझर्ड' म्हणतात, त्याचा मात्र या जहाजाशी संबंध नाही. ती वेगळीच गंमत आहे. या प्राण्याला अरबीत 'वरल' म्हणतात. तो शब्द युरोपात पोचला तेव्हा तो जर्मनमधल्या 'इशारा देणं' या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू आला, त्याचं कुणीतरी लॅटिन केलं, आणि बिचारी घोरपड विनाकारण मॉनिटर झाली, असं जाणकार मानतात.

आता पहिली मॉनिटर कशी बुडाली ते. ज्या बसकेपणाने तिला गोळ्यांपासून वाचवलं, त्यानेच तिचा घात केला. नेहमीच्या जहाजाचा बराच भाग पाण्यावर असतो. लाट आली की तो भाग पाण्यात जातो, जास्त पाणी बाजूला सारलं जातं आणि पाणी जहाजाला वर उचलतं. मॉनिटरपाशी अशी शिल्लकच नव्हती. लाट सरळ डेकवरून जायची. शिवाय बुरूज आणि डेक यांच्यामधल्या फटीत काथ्या कोंबलेला होता, तो लाटांनी निघून गेला आणि तिथून पाणी आत येऊ लागलं. 'ऱ्होड आयलंड' नावाचं जहाज तिला दोरखंडांनी ओढून दक्षिणेकडे नेत होतं. ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे, नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरसजवळच्या वादळात ती गेली. १६ जण बुडाले.

वाचलेल्यांत फ्रान्सिस बट्स नावाचा खलाशी होता. त्याने नंतर लिहिलं, की बुरुजात एक काळी मांजर तोफेवर बसून भेसूर ओरडत होती. खलाशांच्या मते मांजर मारणं अशुभ. म्हणून त्याने तिला उचललं, तोफेच्या नळीत ठेवलं आणि तोंडाला बूच मारलं! आपला कोट आणि बूट दुसऱ्या तोफेत घातले.

१९७३ मध्ये शास्त्रज्ञांना समुद्राच्या तळाशी, सुमारे ७० मीटर खोलीवर, एक उलटं पडलेलं जहाज सापडलं. नाव वाचायची गरज पडली नाही. सांगाड्याच्या कडेखाली गोल बुरूज अडकलेला होता. असं दुसरं काय असणार? २००२ मध्ये तो बुरूज वर काढला. आत दोन खलाशांचे सांगाडे होते. त्यांना २०१३ मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत मानाने पुरलं. बुरूज आणि तोफा न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स संग्रहालयात नेल्या. बाहेर काढल्या काढल्या वाळवल्या असत्या तर लोखंडात मुरलेलं मीठ हवेशी मिळून सगळ्याचा भुगा करून बसलं असतं. म्हणून त्यांना खास औषधी पाण्याच्या टाक्यांत बुडवून, हलका विद्युतप्रवाह सोडून, मीठ हळूहळू बाहेर काढतात. हे काम वर्षानुवर्षं चालतं. तोफांच्या नळ्याही आतून कोरून साफ केल्या. मांजर? नव्हती. कोट-बूटही नव्हते. बट्सकाकांनी थाप मारली, असं आता सगळे म्हणतात.

जहाज जिथे बुडालं तिथला एक सागरी मैल व्यासाचा समुद्राचा गोल १९७५ मध्ये अमेरिकेने राखीव ठेवला. देशातलं ते पहिलं राष्ट्रीय सागरी अभयारण्य, आणि त्याचं नावही 'मॉनिटर'. म्हणजे आता ते एका जागेचं नाव झालं. तिथे नांगर टाकायचा नाही, तळ खरवडणारी जाळी ओढायची नाहीत आणि परवानगीशिवाय बुडी मारायची नाही.